सनद आणि स्वाध्याय

इंग्रजी अमदानीत जिल्ह्याच्या कचेरीत वकिली करणाऱ्या गृहस्थाची सनद ही आजच्यासारखी आजन्म टिकणारी वस्तू नव्हती. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टान्वये प्लीडर आणि मुखत्यार यांना जो दाखला मिळे तो मुद्रांकित कागदावर लिहिलेला असे. त्याची मुदत चालू वर्षाच्या अखेरीस संपे. आणि पुढल्या वर्षी न्यायालयापुढे उभे राहावयाचे असेल तर त्या गृहस्थाने जुना दाखला जिल्हा न्यायाधीशाच्या हवाली करावा, नव्या स्टॅम्पाची रक्कम भरावी आणि नवा दाखला घ्यावा, जुना मात्र रद्द होऊन न्यायालयाच्या दप्तरी जमा राहावा, अशी त्या कायद्याची तजवीज होती. मध्यप्रांतास हा कायदा आरंभापासूनच लागू होता, आणि वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेल्यावर यवतमाळची वकील मंडळीही त्याच धर्तीच्या शिरस्त्यात वावरली. वर्षअखेरच्या या विधीत सरकारला दोनच गोष्टींशी कर्तव्य होते: स्टॅम्पाचे पैसे भरले गेले काय, आणि वर्तनाविषयी काही गंभीर आरोप शाबीत झाला आहे काय. गेल्या बारा महिन्यांत या गृहस्थाने नवे काय वाचले, कोणता कायदा बदलला हे त्यास ठाऊक आहे काय, हा तिसरा प्रश्न त्या मुद्रांकित कागदाने कधी विचारला नाही. पुढे कायदे बदलले, राज्ये बदलली, सनदेची वार्षिक मुदत जाऊन ती कायमची झाली. परंतु तो तिसरा प्रश्न न विचारलेला राहिला तो आजतागायत.

असे असूनही यवतमाळच्या वकिलाला विद्यार्थिदशा कधी सुटली नाही, याचे कारण शोधू गेल्यास ते कोणत्याही परिषदेच्या नियमांत न सापडता या जिल्ह्याच्या विलक्षण इतिहासात सापडते. देशाच्या इतर भागांत वकील गाव बदलतो तेव्हा त्याला नवा कायदा शिकावा लागतो. येथे वकील एकाच दिवाणखान्यात, एकाच टेबलाशी बसून राहिला आणि राज्येच त्याच्या अंगावरून निघून गेली.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १८६४ च्या सुमारास त्याच्या आग्नेय भागाचा जो निराळा जिल्हा झाला तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला, जरी त्याचे ठाणे यवतमाळासच होते. आणि १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे आला तेव्हा त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. मध्यंतरी १९०२ च्या करारान्वये सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे आले आणि १९०३ च्या ऑक्टोबरपासून त्याचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चालू लागला. मात्र पट्टा कायमचा असला तरी स्वामित्व निजामाचेच राहिले. यास्तव कायद्याच्या दृष्टीने हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थान नव्हेच, असे मानले जाई. सामान्य रयतेला या सूक्ष्म भेदाचे काय, असे वाटेल. परंतु वकिलाचे सारे आयुष्य त्या भेदावर बेतलेले होते. कलकत्त्यास अगर दिल्लीस व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मंजूर झालेला कायदा अमरावती-यवतमाळास आपोआप लागू होत नसे. तो वऱ्हाडास लावल्याची निराळी अधिसूचना निघावी लागे, आणि ती निघताना त्यातील काही कलमे गाळलेली, काही शब्द बदललेले असावयाचे. पुढे नागपूरच्या कौन्सिलात वऱ्हाडचे प्रतिनिधी बसू लागले, तरीही तेथे झालेला कायदा वऱ्हाडास लावण्याची तऱ्हा निराळीच राहिली. मुंबईचा अगर खुद्द नागपूरचा वकील कायद्याचे पुस्तक उघडून कलम वाचू लागे. यवतमाळच्या वकिलाला त्याआधी हे पुस्तक आपल्याकडे चालते काय, चालत असल्यास कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या फेरफारांसह, हे राजपत्राच्या फायलीतून शोधून काढावे लागे. १९४१ साली बेरार लॉज ॲक्ट होऊन अनेक अखिल हिंदुस्थानी कायदे एकदम वऱ्हाडास लागू झाले तेव्हा ही यातायात बरीच कमी झाली. पण तोवर एक अख्खी पिढी त्या शोधातच कायदा शिकली होती. मला या पिढीविषयी मोठा आदर वाटतो, कारण कायदा म्हणजे केवळ छापील मजकूर नसून तो कोठे, केव्हा आणि कोणाच्या हुकमाने चालतो हे जाणणे होय, हा धडा तिला पहिल्याच दिवशी मिळाला होता.

एका माणसाच्या हयातीत केवढी उलथापालथ झाली हे पाहावयाचे असेल तर लोकनायक बापूजी अणे यांचेच उदाहरण घ्यावे. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा; अमरावतीस काही काळ शिक्षकी केल्यावर त्यांनी १९०८ च्या सुमारास यवतमाळास वकिलीस आरंभ केला, आणि २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे देहावसान झाले. ते जन्मले तेव्हा वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता. त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा वरचे न्यायालय म्हणजे नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरची कचेरी होती. ९ जानेवारी १९३६ रोजी नागपुरास हायकोर्ट सुरू झाले. १९५० साली संविधान आले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडचा मध्य प्रदेश झाला. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचनेने विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे हायकोर्ट मोडून तेथे मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ बसले. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. ज्या गावी त्यांनी वकिलीस आरंभ केला ते यवतमाळ इतक्या अवधीत तसूभरही हलले नव्हते.

यातील १९५६ चा पालट वकिलांना विशेष जाणवला असला पाहिजे, कारण त्याने नुसते कायदे बदलले नाहीत, नजिराही बदलल्या. नागपूर हायकोर्टाने वीस वर्षांत स्वतःची एक परंपरा निर्माण केली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या व्हिव्हियन बोस आणि मोहम्मद हिदायतुल्ला या तेथल्या मुख्य न्यायाधीशांचे निवाडे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या वकिलांच्या जिभेवर होते. आता त्यांच्या जोडीला मुंबईची शतकभराची निवाड्यांची परंपरा वाचणे प्राप्त झाले, आणि जेथे दोन परंपरांचे पटत नसे तेथे कोणती मानावी हा वाद उत्पन्न होऊ लागला. पन्नाशी उलटलेल्या, चांगला जम बसलेल्या वकिलाने पुन्हा शाळकरी मुलाप्रमाणे टिपणे काढीत बसावे, ही गोष्ट सोपी नव्हे. पण ती ज्यांनी केली नाही त्यांचे पक्षकार हळूहळू दुसऱ्या दारी गेले.

जमिनीच्या कायद्यात तर हा अभ्यास अखंडच चालू होता. वऱ्हाडात जमिनीची पद्धत मुंबईच्या धर्तीची, रयतवारी आणि खातेदारीची. परंतु याच जिल्ह्यात पडीत मुलूख लागवडीस आणण्याच्या हेतूने एकोणिसाव्या शतकाच्या साठीत गावेच्या गावे इजाऱ्याने दिलेली होती, आणि त्या इजाऱ्याच्या गावांत इजारदार कोण, खालचा वहिवाटदार कोण, त्याचा हक्क कितपत टिकाऊ, हे प्रश्न खातेदारीच्या गावापेक्षा अगदी निराळे पडत. पहिला बेरार लँड रेव्हेन्यू कोड १८९६ चा. तो जाऊन १९२८ चा आला. १९३० नंतर कापसाचे भाव कोसळले आणि काळ्या मातीचा हा धनाढ्य जिल्हा कर्जात बुडाला, तेव्हा १९३३ चा कर्जतडजोडीचा, १९३४ चा सावकारीचा आणि १९३९ चा कर्जनिवारणाचा असे कायदे एकामागोमाग आले. जो वकील काल सावकाराच्या बाजूने गहाणखताची वसुली बिनधोक करून देत होता त्याला आज तडजोड मंडळापुढे हिशेब मांडावा लागला. १९५० च्या कायद्याने इजारे संपले. १९५१ साली वऱ्हाडपुरता कुळांच्या पट्ट्यांचा कायदा झाला. तो अंगवळणी पडतो न पडतो तोच १९५८ चा विदर्भाचा कूळकायदा आला. पश्चिम महाराष्ट्रात कुळांना जमिनीचे मालक करणारा दिवस १ एप्रिल १९५७ हा, तर विदर्भात तो १ एप्रिल १९६१. म्हणजे पुण्याच्या पुस्तकावर विसंबून पांढरकवड्यास सल्ला देणारा वकील चार वर्षांनी चुकला असता. आणि १९६७ च्या १५ ऑगस्टपासून १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू होऊन वऱ्हाडची जुनी संहिता कपाटाच्या वरच्या खणात गेली. ती पूर्णपणे निरुपयोगी मात्र झाली नाही, कारण जमिनीचा वाद आजोबाच्या खरेदीखतापर्यंत मागे जातो, आणि त्या खरेदीखताचा अर्थ त्या काळच्या कायद्यानेच लावावा लागतो.

या खरेदीखतांसंबंधीच आणखी एक विद्या होती. जुन्या गहाणखतांचे, वाटणीपत्रांचे आणि गावदप्तराचे मोठे भांडार मोडीत होते. जोवर शाळांतून मोडी शिकवीत तोवर ही काही खास विद्या आहे असे कोणास वाटलेही नसेल. पण मोडी शाळेतून गेली आणि पुढल्या पिढीच्या पदवीधराला आपल्याच पक्षकाराचा दस्त वाचता येईना. मग कचेरीतला एखादा जुना कारकून अगर दस्तलेखक हाच त्याचा गुरू. विद्यापीठाने न शिकविलेली आणि परीक्षेने न विचारलेली ही लिपी ज्या तरुण वकिलांनी फावल्या वेळात गिरविली त्यांनी आपल्या अशिलांची मोठी सेवा केली, असे माझे मत आहे.

मग हे सारे शिक्षण मिळे कोठे? आरंभीच्या पिढीला त्यासाठी दूर जावे लागे. पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिल्यानंतर लोकमान्य टिळकांनी उपजीविकेसाठी कायद्याचा खाजगी वर्ग चालविला, त्यात हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षांची तयारी करून घेतली जाई, आणि १८९६ साली साताऱ्याची वकिली सोडून आलेले नरसिंह चिंतामण केळकर त्या कामी त्यांना साहाय्य करू लागले, ही गोष्ट सुविदित आहे. वऱ्हाडच्या राजकारणाची धुरा वकिलांनीच वाहिली: अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी, आणि यवतमाळचे अणे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले आणि तेथे कायद्याचे महाविद्यालय निघाले तेव्हा वऱ्हाडच्या मुलांना मुंबई-पुण्याची वाट धरण्याचे कारण उरले नाही. आणि आज तर अमोलकचंद विधी महाविद्यालय यवतमाळातच आहे.

परंतु पदवी ही वकिलीची केवळ वेस होय. खरे शिक्षण वेशीच्या आत, म्हणजे वडील वकिलाच्या बैठकीत आणि न्यायालयाच्या बार रूममध्ये होई. ज्युनिअरने सकाळी सीनियरच्या घरी जावे, पक्षकारांच्या कैफियती ऐकाव्यात, दाव्याचा मसुदा करावा आणि तो सीनियरने तांबड्या शाईने खोडून परत द्यावा. दुपारी बस्ता घेऊन त्याच्या मागे उभे राहावे, उलटतपासणीतला कोणता प्रश्न त्याने विचारला यापेक्षा कोणता विचारला नाही याकडे लक्ष द्यावे. आणि पुकाऱ्याची वाट पाहत बार रूममध्ये बसले असता नव्या रुलिंगवर जी चर्चा चाले ती कान देऊन ऐकावी. ही शाळा फुकट होती आणि तिला हजेरीपट नव्हता. मात्र तिचे एक वैगुण्य सांगितलेच पाहिजे: ज्याला चांगला सीनियर लाभला त्याचे शिक्षण झाले, ज्याला लाभला नाही, विशेषतः ज्याच्या घराण्यात पूर्वी कोणी कचेरीची पायरी चढले नव्हते त्याचे, राहून गेले. स्त्रियांना तर वकिलीचे दार १९२३ च्या कायद्याने निर्विवादपणे मोकळे झाले. त्यानंतरही तालुक्याच्या बार रूममधल्या त्या बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची सरकविली जाण्यास किती काळ लागला, हे त्या पिढीच्या स्त्रियांनाच ठाऊक.

या बैठकीच्या बरोबरीने दुसरा गुरू म्हणजे छापील निवाडे. वि. वि. चितळे यांनी १९२२ साली नागपुरास ऑल इंडिया रिपोर्टर ही संस्था काढली आणि १९१४ पासूनचे देशभरचे निवाडे एका मालिकेत आणून ठेवले. हायकोर्ट होण्याच्या चौदा वर्षे आधी, एका मराठी माणसाने, मुंबई-कलकत्त्यापासून दूर बसून हे कार्य आरंभिले, याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. लाहोर, मद्रास, पाटणा अशा सर्व हायकोर्टांचे मत एकाच पुस्तकात मिळू लागल्यामुळे तालुक्याच्या गावचा वकील आणि राजधानीचा वकील यांच्यातले अंतर पुस्तकापुरते तरी नाहीसे झाले. चितळे व राव यांचा दिवाणी प्रक्रिया संहितेवरील भाष्यग्रंथ तर देशभर मान्यता पावला. ए.आय.आर.चे जाड खंड आणि नागपूर लॉ जर्नलचे अंक ज्या घरात ओळीने लावलेले दिसत ते घर वकिलाचे, हे पाहुण्याला सांगावे लागत नसे. वर्गणी भरणे हाच त्या पिढीचा निरंतर शिक्षणाचा नियम होता, आणि तो कोणी लादलेला नव्हता.

ज्यांनी कायदा असा मनापासून अभ्यासिला ते केव्हा केव्हा त्याच्या पलीकडेही गेले. १० जुलै १९३० रोजी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला. वनकायद्याने गोंड, कोलाम आणि गावोगावचा शेतकरी यांच्या पिढीजाद वहिवाटीवर काय परिणाम झाला हे जाणूनच, कायदेपंडिताने तो उघडपणे मोडला आणि कैद पत्करली. याच गृहस्थांनी उतारवयात टिळकांच्या जीवनावर संस्कृतात ‘तिलकयशोर्णवः’ हे महाकाव्य रचिले आणि त्यास १९७३ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. राज्यपालपद, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासदत्व, लोकसभा या साऱ्या धामधुमीत ज्यांचा स्वाध्याय सुटला नाही अशा पुरुषाला सनदेच्या नूतनीकरणासाठी व्याख्यानांची हजेरी मागण्याची आवश्यकता नव्हती हे खरे. पण नियम अण्यांसारख्यांसाठी करावयाचे नसतात.

दुसरे उदाहरण पुसदचेच. गहुलीच्या बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक नागपुरास कायद्याची पदवी घेऊन वकील झाले, पुसदला त्यांनी वकिली केली, मध्य प्रदेशाच्या शासनात उपमंत्री झाले, १९६० नंतर महाराष्ट्राचे महसूलमंत्री आणि १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. ज्या १९६१ च्या कायद्याने शेतजमिनीवर कमाल मर्यादा घातली तो त्यांच्या महसूलमंत्रिपदाच्या काळातला. कुळाची आणि खातेदाराची कैफियत तालुक्याच्या न्यायालयात ऐकलेल्या माणसाच्या हातून जमिनीचे कायदे घडणे हा या जिल्ह्याच्या वकिलीच्या इतिहासातला मोठा मान होय.

आता सनदेकडे परत येऊ. स्वातंत्र्यानंतर एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट झाला. प्लीडर, मुखत्यार, वकील हे जुने दर्जे क्रमाने जाऊन ॲडव्होकेट हा एकच वर्ग राहिला आणि सनद राज्याच्या वकील परिषदेकडून मिळू लागली. त्या मूळ कायद्यात पदवीनंतर काही काळ प्रशिक्षण घेऊन परिषदेची परीक्षा उतरण्याची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि पदवी हाती येताच न्यायालयात उभे राहण्याची मुभा मिळाली. माझ्या मते ही मोठी चूक झाली. पुढे भारतीय वकील परिषदेने १९९५ च्या नियमांनी एक वर्षाच्या उमेदवारीची अट पुन्हा घालून पाहिली. परंतु जी अट संसदेने काढली ती परिषदेला केवळ नियमाने घालता येणार नाही, या अर्थाने सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली व्ही. सुधीर यांच्या प्रकरणात ते नियम रद्द ठरविले. २०११ च्या मार्चपासून अखिल भारतीय वकील परीक्षा सुरू झाली, तिची वैधता २०२३ च्या फेब्रुवारीत घटनापीठाने मान्य केली. आणि २०१५ च्या नियमांनी व्यवसायाच्या दाखल्याची ठराविक मुदतीने पडताळणी आली. ती पडताळणी मुख्यतः पदवी खरी आहे काय आणि हा गृहस्थ प्रत्यक्ष वकिली करतो काय याची, वाचनाची नव्हे. १८७९ च्या मुद्रांकित कागदाने जो प्रश्न विचारला नव्हता तो याही कागदाने विचारलेला नाही.

अन्यत्र तो विचारला जातो. अमेरिकेतील मिनेसोटा आणि आयोवा या संस्थानांनी १९७५ साली वकिलांना सनद राखण्यासाठी ठराविक तासांचे शिक्षण सक्तीचे केले आणि इतर बहुतेक संस्थानांनी तो मार्ग अनुसरला. फिलिपाइन्समध्ये दर तीन वर्षांस ३६ तासांचा नियम आहे. आपल्याकडे केरळच्या वकील परिषदेने एम. के. नंब्यार यांच्या नावाने निरंतर विधिशिक्षणाची अकादमी काढली. आणि फार दूर तरी कशास जावे? यवतमाळच्या न्यायालयासमोर ज्या डॉक्टरची साक्ष वकील तपासतो त्या डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना शिक्षणाचे ठराविक गुण दाखवावे लागतात. ज्या न्यायाधीशासमोर ती साक्ष होते त्यांना प्रशिक्षणासाठी उत्तनच्या न्यायिक अकादमीत पाचारण होते. त्या दालनात निरंतर शिक्षणाचे कोणतेही बंधन नसलेला व्यावसायिक म्हणजे उलटतपासणी घेणारा वकील एवढाच. परिषदेने व्याख्याने व चर्चासत्रे घडवून आणावीत हे ॲडव्होकेट्स ॲक्टातच तिचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे, आणि ती घडतातही. परंतु त्यांस येणे न येणे ऐच्छिक असल्यामुळे ज्याला गरज कमी तोच पुढल्या रांगेत बसलेला दिसतो.

न शिकण्याचे मोल कोण भरतो, हे एका उदाहरणाने सांगतो. एखादी विवाहित मुलगी दारव्ह्याच्या अगर दिग्रसच्या वकिलाकडे येऊन वडिलोपार्जित कापसाच्या शेतात माझा हिस्सा किती, असे विचारते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने याचे एक उत्तर दिले. १९९४ साली महाराष्ट्राने आपल्यापुरती दुरुस्ती केली, पण तीत आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद केले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्या तारखेस वडील हयात असले पाहिजेत. २०१८ साली दुसऱ्या निवाड्याचा सूर निराळा लागला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. ज्याचे वाचन २०१५ साली थांबले त्या वकिलाने त्या बाईला काय सांगितले असेल? वडील २००३ साली वारले, तेव्हा तुझे काही निघत नाही, असेच. आणि ती निमूटपणे भावांच्या हक्कसोडपत्रावर अंगठा करून घरी गेली असेल. तिला सल्ला चुकीचा मिळाला हे कधी कळणारही नाही, कारण जो दावा दाखलच झाला नाही त्याचा निवाडा कोणत्याही रिपोर्टरात छापला जात नाही. डॉक्टरची चूक रोग्याच्या देहावर दिसते. वकिलाच्या अज्ञानाची नोंद सातबाऱ्यावर एक नाव नसण्याने होते.

अशा जिल्ह्यात शिक्षणाची सक्ती करावयाची तर ती मुंबईच्या सोयीने करून भागणार नाही. सोळा तालुक्यांचा हा मुलूख आहे. झरी जामणीच्या वकिलाने तासांची भरती करण्यासाठी नागपूर गाठावे आणि त्या दिवसाच्या पेश्या बुडवाव्यात, असा नियम झाला तर तो कागदावरच राहील. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. व्याख्यान, टिपण आणि प्रश्नपत्रिका मराठीत असल्याच पाहिजेत. विषयही येथलेच असावेत: आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देणारा १९७४ चा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा, २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा, १८९४ च्या जागी २०१३ साली आलेला भूसंपादनाचा कायदा, वणीच्या कोळसापट्ट्यासाठी १९५७ चा निराळा कायदा. शिकविण्यासाठी बाहेरचे पंडित हवेतच असे नाही. ज्या बार रूमने शंभर वर्षे हजेरीपटाविना शिकविले तिलाच महिन्यातून एक दुपार हजेरीपट दिला, आणि सीनियरने आपल्या अनुभवातले दोन खटले उलगडून सांगितले, तर त्या तासाला परिषदेने गुण देण्यास काय हरकत असावी? निर्धन घरातून आलेल्या, सीनियर न लाभलेल्या मुलामुलींना ही दुपार सर्वांत अधिक उपयोगी पडेल, आणि केवळ त्यांच्यासाठीदेखील मी या सक्तीच्या बाजूचा आहे.

१ जुलै २०२४ रोजी देशातील प्रत्येक वकील एकाच दिवशी उमेदवार झाला. १८६० ची दंडसंहिता, १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आल्या. दंडसंहितेची ५११ कलमे ३५८ झाली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले. फसवणुकीचे ४२०, जे कलम बाजारातल्या शिवीपर्यंत जाऊन पोहोचले होते, ते ३१८ च्या पोटात गेले. परंतु जुने पुस्तक बंद करण्याची मुभा अद्याप नाही. गुन्हा त्या तारखेपूर्वीचा असेल तर आरोप जुन्या दंडसंहितेचा. त्या दिवशी प्रलंबित असलेली सुनावणी जुन्याच प्रक्रियेने पुढे जावयाची. आणि तारीख ओलांडल्यावर घडलेल्या गुन्ह्यास सर्व काही नवे. यास्तव पुसद, केळापूर, वणी येथे सकाळी न्यायालयात जाताना फौजदारी वकिलाच्या बस्त्यात आज दोन्ही संहिता असतात, आणि पुकारा होताच फिर्यादीवरची पहिली नजर तारखेवर जाते: हे पुस्तक येथे चालते काय, आणि कोणत्या दिवसापासून.